साथ, मजुरी आणि मालकी

साथ आली की गरीब-श्रीमंतांमधली दरी कमी होते का?
मुंबईचंच उदाहरण पाहू.

साल १८९६.
मांडवी भागात प्लेग आढळला.
लोक घाबरले… आणि गावाकडे निघाले.
गिरण्यांना कामगार मिळेनात.

एरवी पगार महिन्यानं होई.
तोही काही दिवस अडकवून ठेवलेला असे.
आता मालक रोजच्या रोज पैसे देऊ लागले.
मजुरीही वाढवून देऊ लागले.
माणसं कमी झाली… म्हणून कामगाराचा भाव वाढला.

पण पुढं काय झालं?
कामगार परतले.
महिन्याचा पगार पुन्हा सुरू झाला.

याच प्लेगमुळे १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.
दाटीच्या वस्त्या पाडल्या गेल्या.
नव्या खोल्यांचं भाडं अनेकांना परवडेना.
ते शेजारच्या वस्तीत… आणखी दाटीनं राहू लागले.

म्हणजे काय, श्रोतेहो?
माणसं कमी झाली की मजुराचा भाव वाढतो.
पण मजुरीचे आणि घरांचे निर्णय मूठभरांच्याच हाती राहिले…
तर तो भाव टिकत नाही.
पुन्हा सांगतो…
साथीनं वाढलेली मजुरी आपोआप टिकत नाही.
ती टिकवायला कायदा लागतो, आणि कामगारांची एकजूट लागते.