अंबाजोगाई पायी पाहावी

मार्गशीर्ष लागला की अंबाजोगाईला योगेश्वरीचं नवरात्र बसतं. कोकणातून, पुण्या-मुंबईहून कुळाचाराला माणसं येतात. ओटी भरतात, प्रसाद घेतात, आणि तासाभरात त्यांची गाडी परळीच्या रस्त्याला लागते. ते लांबून आलेले असतात, त्यांना परत जायचं असतं, त्यांचं मी समजू शकतो. पण केजचे, माजलगावचे, बीडचे आपण लोक? आपणही तेच करतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. देवळापाशी गाडी लावा, किल्ली खिशात टाका आणि अंबाजोगाई पायी पाहा. वाटाड्या लागत नाही, तिकीट लागत नाही. सकाळचा वेळ आणि पाण्याची एक बाटली, बस्स.

आपण शेतकरी माणसं, म्हणून शेताचंच सांगतो. मोटारसायकलवरून जाताना रस्त्यावरून रान पाहिलं तर काय दिसतं? सगळं हिरवंगार. पीक छान आहे म्हणून आपण पुढे जातो. पण बांधावरून फेरी मारली की कळतं, इथं पाणी साचतंय, इथं रानडुकरानं नासधूस केलीय, या कोपऱ्यातली तूर मात्र कमरेला लागलीय. शिवाय बांधावर शेजारी भेटतो, तो आपल्याला ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी सांगून जातो. रोज फेरी मारणाऱ्याचं रान आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याचं रान, कागदावर क्षेत्र तेवढंच असलं तरी, एक नसतं. गावाचंही तसंच आहे. गाडीतून अंबाजोगाई म्हणजे एक देऊळ आणि एक बाजार, एवढंच दिसतं.

चला तर. देवीपासूनच निघू. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि देवी इथेच राहिली, ही कथा तुम्हाला पाठ आहे. पण कथेचा पुढचा भाग देवळात नाही, तो जयंती नदीच्या अंगाला आहे. हत्तीखाना! वऱ्हाड दगडाचं झालं असं लोक सांगतात, ते तिथे जाऊन पाहायचं. आपल्या बालाघाटाचा काळा पाषाण खोदून जमिनीच्या पोटात एक अंगण केलंय. मधोमध नंदीचा मंडप, बाजूला दगडी हत्ती, आणि आत खांबांच्या रांगा असलेलं शिवलेणं. वेरूळ पाहायला आपण सहल काढतो, सहा महिने आधी वर्गणी गोळा करतो. हे लेणं मात्र आपल्या दारात आहे आणि कितीतरी घरांतल्या पोरांनी ते पाहिलेलं नाही. तिथे घाई करू नका. अंगणात उभे राहा, वर पाहा. बाहेरून दगड आणून रचलेला नाही, होता तो खडक आतून कोरत नेलाय, हे ध्यानात आलं की हत्तीच्या पाठीवर हात ठेवताना आपोआप सांभाळून ठेवाल. आणि खांबांवर खडूनं, कोळशानं नावं लिहिणाऱ्यांना तिथल्या तिथे हटका. आपला पोरगा असला तरी हटका.

तिथून खोलेश्वराच्या देवळाकडे वळा. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीवर गेला आणि नर्मदेकाठच्या लढाईत पडला. रामाच्या बहिणीनं, लक्ष्मीनं, भावाच्या स्मरणार्थ इथे रामनारायणाचं देऊळ बांधलं. शके ११६२, म्हणजे सन १२४० च्या शिलालेखात हे कोरलेलं आहे. भाऊबीजेला ओवाळणाऱ्या आपल्या लेकीबाळींना ही लक्ष्मी माहीत असायला हवी की नको? पावणेआठशे वर्षांपूर्वीच्या बाईनं भावासाठी दगडात लिहून ठेवलं, आणि आपण हॉर्न वाजवत शेजारून जातो. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे, वर्ग इथे आणा. सनावळ्या नंतर पाठ करू द्या, आधी ही गोष्ट इथे उभं राहून सांगा.

गावाच्या कडेला बाराखांबी आहे, म्हणजे सकलेश्वराचं मंदिर, तेही त्याच यादवकाळातलं. खांबांवरची कोरीव माणसं नीट पाहायला कोवळं ऊन हवं, म्हणून सकाळ म्हणतोय मी.

परदेशात हे कसं करतात ते थोडक्यात सांगतो. जर्मनीत हॅनोव्हर शहरात पदपथावर एक लाल रेघ रंगवलेली आहे, ४,२०० मीटर लांब. त्या रेघेवरून चालत गेलं की शहरातली ३६ ठिकाणं पाहून होतात. विचारायला कोणी लागत नाही, पाहुणा आपल्या पायानं, आपल्या वेळेनं फिरतो. आपल्याकडे अशी रेघ ओढायला खर्च तो किती येईल? रंगाचे चार डबे आणि नगरपालिकेचं मन. पण रेघ येईल तेव्हा येईल, तोवर आपण थांबायचं कारण नाही. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याला विचारा, तो हातातला कप ठेवून चार पावलं बरोबर येईल. गाडीची काच खाली करून विचारलं तर नुसतं बोट दाखवेल.

वेळ थोडा उरलाय, भराभर सांगतो. संतकवी दासोपंतांची समाधी चुकवू नका. या माणसानं सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढलं, ती पासोडी. स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते, मोमिनाबाद नाव होतं तेव्हा गावाचं. इथून ते निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. त्यावर खरं तर वेगळं बोलायला हवं, पुन्हा कधीतरी.

आणि शेवटी मुकुंदराज. समाधी गावापासून दूर, डोंगराच्या घळीत आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी इथवर रिक्षानं या, बाकीच्यांनी चालत. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, आता मार्गशीर्षात वाट कोरडी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ ग्रंथ शके १११० चा, सन ११८८. ‘ज्ञानेश्वरी’च्या आधी शंभर वर्षं! २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या भाषेचा आद्यकवी मानतात तो आपल्या तालुक्याच्या गावी आहे आणि त्याच्या समाधीपर्यंत आपण चालत जात नाही, हे बरं नव्हे.

म्हणून पुन्हा सांगतो, कारण मधूनच रेडिओ लावलेले श्रोतेही असतील. योगेश्वरीचं दर्शन झालं की गाडीकडे वळू नका. आधी हत्तीखाना, मग खोलेश्वर, बाराखांबी, दासोपंत, मुकुंदराज. एका दिवसात नाही झालं तर दोन फेऱ्या करा. ओटीची प्लास्टिकची पिशवी जयंतीत टाकू नका, घरी परत न्या. आणि बरोबर एखादं शाळकरी लेकरू असू द्या, शिलालेख दिसला की त्याला पुढे उभं करा. या नवरात्रात निघाच.