अर्जाआधीची वही

(ग्रामविकास क्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेंद्रिय शेतीचे संशोधन आणि प्रसार यांसाठी शासकीय अनुदान कसे मिळवावे, या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले. मी कृषितज्ज्ञ नाही, सनदी लेखापालही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि आयुष्य वृत्तपत्रात घालवलेला माणूस. या विषयातील माझी पात्रता एवढीच, की असा एक अर्ज मी लिहिला होता आणि तो नामंजूर झाला होता.

विदर्भातील कोरडवाहू पट्ट्यात एक लहानशी संस्था काम करीत होती. वीस-बावीस शेतकरी कपाशीत तुरीचे आंतरपीक घेत, रासायनिक खत बंद करून शेणखत आणि जीवामृतावर भिस्त ठेवीत. संशोधन अनुदानासाठी प्रस्ताव करायचा ठरला. ‘तुम्ही लिहिणारे आहात’ म्हणून काम माझ्याकडे आले. मी अकरा पाने लिहिली. कृषिसंस्कृती, गोवंश, भूमातेचे ऋण... अग्रलेख म्हणून ती पाने कदाचित शोभली असती. कार्यालयाकडून तीन ओळींचे उत्तर आले : प्रयोगापूर्वीचे माती परीक्षण जोडलेले नाही, तुलनेसाठी ठेवलेल्या क्षेत्राचा उल्लेख नाही, हंगामनिहाय उत्पादन व खर्चाची आकडेवारी नाही.

मी संतापलो. नोकरशाहीच्या कोरडेपणावर एक जळजळीत लेखही लिहून काढला. तो छापून आला नाही, कारण त्या गटातील एका शेतकऱ्याने शांतपणे विचारले, “भाऊ, त्यांनी जे मांगतलं, ते आपल्यापाशी हाये का?”

नव्हते. चार हंगाम माणसे राबली होती आणि नोंद एका कागदावरही नव्हती. पहिल्या दोन वर्षांत उतारा घटला, तो सर्वांच्या लक्षात होता. किती घटला, हे कुणालाच सांगता येत नव्हते. पुढच्या मृगाला त्यांतील काही जण पुन्हा युरियाच्या गोणीकडे वळले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. घट त्यांच्या घरात आली होती, माझ्या नव्हे.

आपल्याकडील अनेक संस्थांची अडचण हीच आहे. श्रद्धा आहे, श्रम आहेत; मोजमाप नाही. निष्कर्ष आधी तयार असतो आणि प्रयोग त्याच्या मागून येतो. असा प्रस्ताव तज्ज्ञ समितीला पहिल्याच पानावर ओळखू येतो.

मोजमाप ही परकी गोष्ट आहे, असे कुणी म्हणू नये. सेंद्रिय शेतीच्या जगभरच्या चळवळीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली ती इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत, १९२४ ते १९३१ या काळात. त्या संस्थेला भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचे अनुदान होते. जमीन होळकर दरबाराने दिली होती. म्हणजे ज्या पद्धतीचा आपण अभिमान बाळगतो, तिची मुळे अनुदानित संशोधनात आहेत! १९३१ साली त्या कामावर जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. आपल्या व्याख्यानांत हॉवर्ड येतात, वाड मात्र येत नाहीत, याची मला खंत वाटते. त्या पुस्तकात भावनेचा भर नाही. कोणता काडीकचरा, किती शेण, किती पाणी, ढीग कधी उलटावा, याचा हिशेब आहे.

आता व्यवहाराकडे येऊ. शेतकऱ्याला मिळणारे साहाय्य आणि संस्थेला मिळणारे अनुदान यांत गल्लत करू नये. २०१५ साली सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत हेक्टरी तीन वर्षांसाठी ३१,५०० रुपयांची तरतूद आहे. त्यांतील १५,००० रुपये निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात जातात. ही योजना राज्य शासनामार्फत, गट करून राबवली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मान्यता दिली. त्यातही १५,००० गटांची कल्पना आहे. अशा योजनांत संस्थेची भूमिका गट बांधण्याची, प्रशिक्षणाची. प्रसाराचे काम करू इच्छिणाऱ्यांनी जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयाचा उंबरठा आधी झिजवावा.

संशोधनाचा प्रस्ताव वेगळा. तेथे एकट्याने जाऊ नये. कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञाला विषय ठरवतानाच सोबत घ्यावे, अर्ज भरून झाल्यावर सहीपुरते नव्हे. प्रश्न लहान असावा. ‘सेंद्रिय शेती श्रेष्ठ आहे काय’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हे. ‘या तालुक्यातील हलक्या जमिनीत अमुक खतमात्रेने तीन हंगामांत सेंद्रिय कर्ब किती बदलतो आणि एकरी निव्वळ उत्पन्न किती राहते’ हा प्रश्न आहे. त्याच शेतकऱ्याच्या त्याच शेतात तुलनेचा तुकडा राखावा. आणि उत्तर आपल्या विरोधात आले तरी ते छापण्याची तयारी ठेवावी. हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण आपल्या मंडळींना तेच सर्वांत जड जाते. पहिल्या वर्षांतील घट लपवली, तर ती भरून काढण्यासाठी पैसा मागायचा कोणत्या तोंडाने?

कागदपत्रांविषयी थोडक्यात. संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि ‘एनजीओ दर्पण’वरील क्रमांक आधीच हाताशी असावा. पैसा आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार अनुदानावर मिळालेले व्याजसुद्धा शासनाला परत करावे लागते, आणि उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते. ते रखडले की पुढचा हप्ता रखडतो. पेरणी मात्र हप्त्याची वाट पाहत नाही. प्रवासासाठी मंजूर झालेली रक्कम प्रशिक्षणावर खर्च केली, हेतू कितीही शुद्ध असला तरी, ती आक्षेपार्हच ठरते.

त्या गटातील सात जणांनी पुढे वह्या घातल्या. शाळकरी मुलांच्या दोनशे पानी वह्या. पावसाचा दिवस, मजुरीचे पैसे, वेचणीचे किलो. बऱ्याच घरी वही लिहिते ती सून किंवा नववीतली मुलगी. त्यांतील एक वही मी मागून आणली आहे. अक्षर वाकडे आहे, एका पानावर चहाचा डाग आहे, आणि दुसऱ्या हंगामाच्या घटीचा आकडा स्पष्ट लिहिलेला आहे. ती आता आपल्यात फिरवतो. पाहून झाल्यावर कृपया परत करावी, त्यांना या आठवड्यात तुरीची नोंद करायची आहे.