सोनेरी कार्ड आणि काशीची वही



आजचं बोलणं मी वाराणसीतून करतोय. पंचगंगा घाटाच्या वर, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत आम्ही उतरलो आहोत. मागून घंटा ऐकू आली, नाहीतर पत्र्यावर माकडं नाचली, तर सांभाळून घ्या. इथे यायचा हट्ट हिचा. आपल्याकडे नवी सून श्रावणात मंगळागौर पूजते, तिचं हे काशीतलं ठिकाण.

विषय मात्र आहे क्रूझचा. माझ्या वयाच्या मित्रमंडळींत हल्ली हा प्रश्न वारंवार येतो. "कर्नल, आम्ही तीनदा एकाच कंपनीच्या जहाजाने गेलो, पॉइंट साठलेत, कार्डाचा रंग बदललाय. आता दुसरी कंपनी स्वस्त देतेय. जुनी सोडावी का?" आणि विचारताना चेहरा असा, की जणू पलटण सोडायला निघालेत.

आधी ही कार्डं कशी चालतात ते बघू. रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घ्या. एक रात्र जहाजावर काढली की एक पॉइंट. स्वीट घेतला किंवा दोघांच्या खोलीत एकटे राहिलात, तर दुप्पट. पहिली सफर झाली की गोल्ड, ३० पॉइंटला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. सातशे रात्री म्हणजे जवळजवळ दोन वर्षं पाण्यावर! नौदलातल्या मित्राला हा आकडा सांगितला, तर तो म्हणाला, आम्हाला एवढ्या रात्रींबद्दल सरकारने उलट पगार दिला.

बदल्यात काय मिळतं? खालच्या पायऱ्यांवर थोडी सूट, भेटवस्तू, रांगेत थोडं पुढचं स्थान. डायमंडपासून रोजची काही पेयं फुकट आणि वेगळ्या बैठकीच्या खोलीत प्रवेश. यातली कुठलीही गोष्ट बाजारात विकत घ्यायला गेलात, तर फार महाग नाही. पण ती "मिळवलेली" असते ना, म्हणून गोड लागते.

आता आमची गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही. मुलगी सिंगापूरला, त्यामुळे तिथून दोन-चार सफरी झाल्या. पुढच्या पायरीला पाच रात्री कमी पडत होत्या. मी, ज्याने आयुष्यभर जवानांना उधळपट्टी करू नका म्हणून सांगितलं, त्याने केवळ त्या पाच रात्रींसाठी तीच बंदरं तिसऱ्यांदा बघायची सफर घेतली. बघितलेलं बंदर, बघितलेला बाजार, तोच जादूगार, तेच कबुतर. नवं कार्ड मिळालं. मोठ्या ऐटीत संध्याकाळी खास बैठकीत गेलो, तर बसायला जागा नाही. अर्धं जहाज आमच्यासारखंच वरच्या पायरीवर आलेलं! तासभर उभं राहून हिने संत्र्याचा रस प्यायला. मी हिशोब केला. जास्तीच्या सफरीचा खर्च भागिले संत्र्याच्या रसाचे ग्लास. आकडा सांगत नाही, हिला अजून तो आठवतो.

कंपन्यांची खरी अडचण इथे आहे. सवलतीची किंमत ती थोड्यांना मिळण्यात आहे, आणि योजना तर सगळ्यांनी वर चढावं म्हणूनच आखलेली. दहा-पंधरा वर्षांत वरची पायरी गच्च भरते. मग कंपनी नियम बदलते. कार्निव्हल या कंपनीने २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केलं, की जहाजावर काढलेल्या दिवसांऐवजी यापुढे तुम्ही किती खर्च करता त्यावर दर्जा ठरेल, आणि तो ठरावीक मुदतीत पुन्हा कमवावा लागेल. व्यापार म्हणून मी ते समजू शकतो. पण वीस वर्षं साध्या आतल्या खोलीत, खिडकीशिवाय, काटकसरीने फिरलेल्या शिक्षक जोडप्याचा विचार करा. त्यांच्याकडे रात्री होत्या, पैसे नव्हते. मंगळागौर पाच वर्षं पूजतात, मग उद्यापन करतात. सहाव्या वर्षी येऊन कोणी म्हणत नाही, की तुमची पहिली पाच वर्षं आता वेगळ्या मापाने मोजू.

माणूस नेमका इथे फिरतो, असं माझं मत आहे. दुसऱ्याने जास्त दिलं म्हणून जाणारे असतातच, नाही असं नाही. एमएससी या कंपनीने तर दुसऱ्याकडचं कार्ड दाखवा आणि आमच्याकडे जुळता दर्जा घ्या, अशी सोयच काढली. पण जुना, नेमाने येणारा प्रवासी एवढ्याने हलत नाही. आपण आधी केलेल्याची किंमत आपल्याला न विचारता बदलली, हे कळलं की तो हलतो. फुकट पेय दुय्यम असतं.

आपल्या देशात जहाजाच्या प्रवाशांवरून झालेली लढाई याहून कितीतरी मोठी होती. १९०६ साली तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. टिळकांना मानणारा माणूस. तुतिकोरिन ते कोलंबो मार्गावर तोवर ब्रिटिश कंपनीचं राज्य होतं. तिने भाडं एक रुपयावर आणलं. स्वदेशी कंपनीने आठ आणे केलं. मग ब्रिटिश कंपनीने प्रवास फुकट केला आणि वर प्रवाशाला एक छत्री! मंडळी, ही छत्री म्हणजे आजच्या सोनेरी कार्डाची आजी. १९०८ साली पिळ्ळै यांना अटक झाली, मोठी शिक्षा झाली, आणि कंपनी पुढे मोडली. एकट्या छत्रीने ते झालं नाही, त्यामागे सरकारही लागलं.

आपल्या कोकणातही परक्या कंपनीच्या बोटींना पर्याय म्हणून सहकारी कंपनी निघाली. तिचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण लोक म्हणायचे "माझी आगबोट कंपनी". बोटींची नावं तुकाराम, रामदास, आणि ख्रिस्ती प्रवाशांसाठी संत फ्रान्सिस, संत झेवियर. निष्ठेची सगळी योजना त्या एका शब्दात, "माझी". अर्थात नावाने समुद्र ऐकत नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली याच कंपनीची रामदास बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा बोट निवडताना कार्डाआधी लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघा, हे फौजी म्हातारपण म्हणून सांगून ठेवतो.

आता या गल्लीकडे येतो, कारण गेले चार दिवस माझ्या डोक्यात हेच चाललंय. हा सगळा भाग, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, मराठी माणसांच्या जुन्या वस्तीचा. घाटावरचं बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. खाली हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ आहे, तो अहल्याबाईंचा. इथे आपले क्षेत्रोपाध्ये. १९९४ साली रजेवर असताना आई-वडिलांना घेऊन मी पहिल्यांदा आलो. उपाध्यायांनी फक्त आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आत गेले आणि लांबट बाडासारखी वही घेऊन आले. पंधरा मिनिटं पानं उलटली आणि माझ्या आजोबांची मोडीतली सही वडिलांच्या पुढ्यात ठेवली. वडील शिक्षक, कडक माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग खाली आमची नावं लिहून घेतली, मुलीचं सुद्धा. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि जिलबीसाठी रडत होती.

या वहीत पायऱ्या नाहीत. आजोबांनी किती दक्षिणा दिली यावर माझा दर्जा ठरला नाही. मुदत नाही. पॉइंट वारसाने मिळतात.

म्हणून ती पद्धत अगदी सोवळी होती, असं मात्र कोणी समजू नये. स्टेशनवर यजमानांची ओढाओढ चालायची, हे आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेलं तुम्हालाही आठवत असेल. त्याच भेटीत दक्षिणेवरून वडिलांचा खटका उडाला. सही दाखवल्यावर डोळ्यांत पाणी आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी आकड्यावरून घासाघीस करू लागला, हे त्यांना लागलं. पुढे २००९ मध्ये आईच्या अस्थी घेऊन आलो तेव्हा मी त्या घरी गेलो नाही. दुसरे गुरुजी पाहिले. त्यांनी विधी नीट केले, वेळेत केले, पावतीही दिली. वही नव्हती. आज अनेक सहल कंपन्या आपले गुरुजी सोबतच आणतात, आणि ज्यांच्याकडे वही त्यांची मुलं नोकरीला परगावी. दोन्ही बाजूंनी धागा सैल झालाय. एकट्या यजमानाला दोष देता येणार नाही.

फौजेत कंपनी म्हणजे सुमारे सव्वाशे माणसं. कंपनी कमांडरला प्रत्येकाचं नाव, गाव, घरची अडचण ठाऊक असावी अशी अपेक्षा असते. सव्वाशेपर्यंत ते जमतं. 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर दोघांना एक खोली धरली तरी ५,६१० प्रवासी, आणि सगळं भरलं तर ७,६०० पर्यंत. तिथे तुम्हाला ओळखणार कोण? म्हणून कार्ड लागतं. कार्ड म्हणजे ओळखीची बदली. उलट इथूनच १३ जानेवारी २०२३ ला गंगा विलास निघाली, ५१ दिवसांत बांगलादेशमार्गे ३,२०० किलोमीटर, दिब्रुगडपर्यंत. तिच्यात खोल्या १८, प्रवासी ३६. तिसऱ्या दिवशी स्वयंपाक्यालाही कळत असेल कोणाला तिखट चालत नाही. अशा बोटीला सोनेरी कार्ड कशाला?

आणि कितीतरी माणसं कंपनी बदलतात ती या कशासाठीच नाही. व्हिसाचा कंटाळा येतो. विमानाचा प्रवास झेपत नाही. नातवंडं सोबत येतात. जेवणात भाजी-भात हवासा वाटतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाचं जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाऊ लागलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोन जोडप्यांनी परदेशी कार्डं खणात टाकली आणि टॅक्सीने बंदरावर गेली. गंमत म्हणजे ते जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनचंच होतं, १९९० सालचं. ज्या कंपनीला सोडलं तिच्याच जुन्या जहाजात बसली!

आमच्या बाबतीत ते गुडघ्याने ठरवलं. इथला नावाडी १९९४ पासूनचा. तेव्हा बाप वल्हवायचा, मुलगा पुढे बसून पाणी उपसायचा. आईच्या अस्थी घेऊन गेलो ती होडी मुलाची. २०१७ मध्येही तोच. इथे रिवाज असा, की ज्या घाटाचा नावाडी त्याने त्या घाटाचं गिऱ्हाईक घ्यायचं. दुसऱ्या घाटावरून माणसं भरली तर भांडण होतं. २०१८ मध्ये मोठी क्रूझ बोट सुरू झाली तेव्हा नावाड्यांनी संप केला तो काही उगाच नाही. पण पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आहेत, आणि होडीत पाय टाकताना हिचा उजवा गुडघा आता साथ देत नाही. मोठ्या बोटींपैकी एकीचं नाव सॅम माणेकशॉ आहे, हे वाचून माझा तर अर्धा निर्णय तिथेच झाला होता. नमो घाटावर उतार आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. मी पुण्यातूनच मोठ्या बोटीची तिकिटं काढली आणि इथे आल्यावर दोन दिवस त्या नावाड्याची नजर चुकवत देवळाच्या बाजूने फिरलो. लढाईच्या भागात नोकरी केलेला माणूस मी!

आज सकाळी त्याने गाठलंच. होडीत हिच्यासाठी लाकडी स्टूल ठेवलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. तो हसला. म्हणाला, "साहब, माताजी को उसी में ले जाइए. उसमें बाथरूम भी है."

मला काय बोलावं सुचेना. पैसे पुढे केले, तर त्याने हात मागे घेतला. मग म्हणाला, बेटी का नंबर दे दीजिए, वो तो आएगी. मी नंबर सांगितला. तिचं नाव त्याने विचारलं नाही. फोनमध्ये काय लिहितोय ते मी वाकून पाहिलं: "फौजी साहब पूना, दादी वाले".