पान केवढं, पडदा केवढा

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात एक ब्राह्मी लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं हे शैलगृह पुरं केलं आणि जंबुद्वीपात याच्यासारखं उत्तम दुसरं नाही, असं तो लेख सांगतो. जाहिरातीची हौस आपल्याकडे जुनीच! आत खांबाखांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवनसुद्धा आहेत. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधल्या लेखांचा ग्रंथ १८८१ साली छापला. तो आता स्कॅन होऊन फुकट मिळतो. तो बरोबर न्यायचा, छापलेला ठसा आणि समोरचा दगड ताडून बघायचा, पानाच्या कडेला आपली टीप लिहायची. या कामाला कोणतं यंत्र घ्यावं?

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. एक आपल्या ओळखीचा टॅब्लेट, काचेचा आणि रंगीत. दुसरी ई-इंकची पाटी. तिच्या पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण असतात. विजेच्या इशाऱ्यानं ते वरखाली होतात आणि एकदा जागेवर बसले की चित्र टिकवायला वीज लागत नाही. म्हणून तिची बॅटरी बरेच दिवस पुरते आणि डोळ्यांना ती कागदासारखी वाटते. भर उन्हातही स्वच्छ दिसते, असं विक्रेते आवर्जून सांगतात. पण लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर ऊन शोधायचं कुठं? इथं दुपारी चारला धुकं उतरतं आणि दिवा लावावा लागतो. काही ई-इंक पाट्यांना स्वतःचा उजेडच नसतो. मावळात राहणाऱ्यानं तसली पाटी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चैत्यगृहातल्या अंधारात तर ती निरुपयोगीच. शिवाय ठसा मोठा करून बघायचा, सरकवायचा, पुन्हा लहान करायचा, यात ई-इंक रेंगाळते. लेण्यात टॅब्लेटच बरा. मात्र काचेवर पावसाचे थेंब पडले की पडद्याला ती बोटंच वाटतात आणि पानं आपोआप उलटू लागतात. तेव्हा आडोशाला उभं राहून रुमालानं काच पुसायची, दुसरा इलाज नाही.

घरी बसून तासन् तास वाचायचं असेल तर माझा कौल ई-इंकला. फक्त पडद्याच्या आकारात काटकसर करू नका. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. १०.३ इंची पडद्यावर तो सुमारे सत्तर टक्क्यांवर येतो, १३.३ इंचीवर नव्वद टक्क्यांच्या आसपास. सहा इंची वाचकयंत्र कादंबरीला छान, पण त्यावर सातबारा उघडून बघा! रकाने, गट नंबर, फेरफाराचे आकडे, सगळ्या मुंग्या. कादंबरीतली अक्षरं मोठी केली की ओळी नव्यानं जुळतात, तक्त्याच्या जुळत नाहीत. आणि मराठीची एक वेगळीच गंमत आहे. युनिकोड रुळण्याआधी जुन्या फॉन्टमध्ये बनवलेल्या आपल्या कितीतरी पीडीएफ दिसायला देवनागरी असतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. यंत्राला ओळी जुळवायला सांगितलं की पानभर गिचमीड उमटते आणि शब्द शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. अशी पानं आहेत तशीच वाचावी लागतात, म्हणजे पडदा मोठाच हवा.

आता लिहिण्याचं. आपली शिरोरेघ हीच पेनाची खरी परीक्षा. गुळगुळीत काचेवर पेन घसरतं आणि रेघ शब्दाच्या पुढं पळते. खरखरीत पडद्यावर हात स्थिर राहतो, पण पेनाचं टोक झिजतं, म्हणून सुटी टोकं मिळतात का आणि केवढ्याला, हे आधीच विचारा. मोडी शिकणाऱ्यांना तर आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली न थांबता लिहायचं असतं. त्यांनी काचेवर खरखरीत फिल्म लावून घ्यावी. काही पेनांत बॅटरीच नसते, त्यांना शक्ती पडद्याखालच्या तारांच्या जाळीतून मिळते. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावात हे बरं पडतं. चार्ज करायची तेवढीच एक वस्तू कमी.

दुकानात जाताना आपली रोजची एखादी पीडीएफ मोबाइलमध्ये घेऊन जा. ती तिथंच उघडायला लावा. दुकानदार इंग्रजीत सही करून दाखवेल. तुम्ही मात्र ‘ज्ञानेश्वर’ लिहा, ‘ऱ्हस्व’ लिहा, लांबलचक शिरोरेघ ओढा. हस्ताक्षराचं टंकात रूपांतर होतं, असं कुणी म्हणालं तर तुमच्या मराठी अक्षराचं होतंय का, ते बघा. मग लिहिलेलं पान पीडीएफ करून स्वतःच्या मोबाइलवर पाठवा. ते साधेपणानं उघडलं, तर पुढं किमतीचं बोला. कंपनीचं खातं किंवा दरमहा वर्गणी मागितली, तर तो खर्चही किमतीत धरा.