बालवाडीतली नोंद : कोणाची, कशासाठी?

(अंगणवाडी सेविका व बालवाडी शिक्षिकांच्या शिबिरातील भाषण)



अंगणवाडीत लिहायचे काम कमी आहे असे इथे कोणीच म्हणणार नाही. हजेरी, वजन, उंची, आहारवाटप, लसीकरण, गृहभेटी. २०२१ पासून यातले बरेच मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्येही भरावे लागते. या नोंदी हव्यातच, कुपोषित मूल वेळेवर लक्षात येते ते त्यांच्यामुळे. पण मूल किती किलोचे आहे ते त्यातून कळते, ते कसा विचार करते ते कळत नाही. या न लिहिल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल मला आज बोलायचे आहे.

पहिली गोष्ट, नोंद म्हणजे शेरा नव्हे. 'आकड्यांत कच्ची' हा शेरा झाला. समजा, चार वर्षांच्या मुलीने दोन वाट्यांत चिंचोके वाटले. एकीत जास्त दिसले म्हणून एक उचलून दुसरीत टाकला आणि म्हणाली, "आता भांडण न्हाई." हे तारीख घालून, तिच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहिले तर ती नोंद. आकडे म्हणता येत नसले तरी समान वाटणी तिला कळते, हे त्यातून दिसते. उद्या तिच्यापुढे तीन वाट्या ठेवाव्यात, हेही सुचते.

महिन्याने ही वही पुन्हा वाचा. मुलींपुढे 'शांत, समजूतदार' आणि मुलग्यांपुढे 'चौकस, धीट' असेच शब्द येतात का? ठोकळे कोणाच्या ताब्यात असतात? भातुकलीत झाडू कोणाच्या हाती जातो? मुलीचे प्रश्न आपल्या कानावर पडूनही वहीत उतरत नसतील, तर तिला गप्प बसवण्याची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या वर्षीच होते.

असे मुलांकडे बघत शिकवणाऱ्या बाया आपल्याकडे होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, १९५७ साली ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. मुलाला काय येत नाही याऐवजी त्याच्या हाताशी काय आहे, ते काय करते, हे बघितल्यामुळेच हे जमले.

दुसरे उदाहरण इटलीतल्या रेज्जो एमिलियाचे. १९४५ साली युद्ध संपताच तिथल्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्याने टाकून दिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा उभारायला घेतली. स्त्रियांच्या संघटनेनेही अशा शाळा चालवल्या आणि नगरपालिकेने त्या हाती घ्याव्यात म्हणून झगडा केला. १९६३ साली पहिली नगरपालिका बालशाळा निघाली. शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुत्सी यांच्यासोबत तिथल्या शिक्षिका मुलांचे बोलणे, चित्रे, फोटो जपत, भिंतीवर लावत, पालकांबरोबर त्यावर चर्चा करत. पण लक्षात घ्या, तिथे एका वर्गाला दोन शिक्षिका असतात आणि नोंदी व चर्चेसाठी पगारी तास राखलेले असतात.

आपली एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. आजही सेविका 'मानसेवी' आणि तिला मिळते ते 'मानधन'. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे असा निकाल दिला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणे हे शैक्षणिक काम आहे, हेही त्यात मान्य झाले. म्हणजे 'मुले सांभाळते' एवढ्यावर आपले काम आता कोणी उडवून लावू शकत नाही. आपल्या वहीतली प्रत्येक खरी नोंद त्या कामाचा पुरावा आहे.

म्हणून दोन बाजूंनी काम करू या. आपल्या बाजूने रोज एका मुलाबद्दल चार ओळी, बस. त्या आईला वाचून दाखवा. फोटो काढायचा तर तिला विचारा, आणि तो गावभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. शासनाकडे मात्र ठाम मागणी करू या : एकच माहिती दोनदा भरायला लावणे बंद करा, नोंदीचा वेळ कामाच्या तासांत धरा, त्याचा मोबदला द्या. फुकटात आणखी एक रजिस्टर आम्हाला नको. मुलाचे शिकणे आणि बाईचे शिकवणे, दोन्ही मोजले गेले पाहिजे.