पाळण्यातली मऊ गादी

मंडळी, आज आपण तान्ह्या बाळाच्या झोपेविषयी बोलू.

आमच्या वर्गाला एक आजीबाई येतात. एकदा त्या रुसून बसल्या होत्या. त्यांचा लेक अमेरिकेत असतो. सून तिकडेच बाळंत झाली. आजींनी जुन्या लुगड्याची, कापूस भरून एक लांबट गादी शिवली. ती बाळाच्या खाटेच्या गजांना आतून बांधायची. बाळाचे डोके आपटू नये, हा हेतू. पण सून फोनवर म्हणाली, "आई, गादी पाठवू नका. ती बाळाला चांगली नाही."

आजी म्हणाल्या, "पंधरा दिवस सुई धरली मी. माझ्या हातचं नको झालं व्हय?"

आम्ही म्हणालो, "आजी, तुमची माया खरी आहे. पण सूनही खरेच सांगते. ऐका."

अमेरिकेत बाळाला पुष्कळदा गजांच्या खाटेत निजवतात. पूर्वी त्या गजांत फट मोठी असे. बाळाचे डोके अडके. म्हणून लोक आतून गादी बांधत. तिला बंपर म्हणतात. १९७३ साली तिथल्या सरकारने नियम केला. दोन गजांत सुमारे सहा सेंटिमीटरांहून जास्त फट नको. एवढ्या फटीतून बाळाचे डोके जात नाही. गादीची गरज संपली. पण गादी दिसायला छान. आईबाप हौसेने घेतच राहिले.

पुढे डॉक्टरांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या. १९८५ ते २००५ या वर्षांत अशा गाद्यांपायी २७ बाळे दगावल्याचे त्यांना आढळले. शेवटी २०२२ साली अमेरिकेत कायदा झाला. अशा गाद्या बनवायला आणि विकायला बंदी आली.

मऊ गादीने बाळ कसे दगावते? लहान बाळ सरकत सरकत कडेला जाते. त्याचे नाक गादीत रुतते. मान फिरवून तोंड बाजूला घेण्याची ताकद त्याला नसते. सोडलेला श्वासच ते पुन्हा आत घेते. ताजी हवा मिळत नाही. बाळ रडतही नाही. कुणाला पत्ता लागत नाही. कधी गादीचे बंद गळ्याला आवळतात. बाळ उभे राहू लागले, की गादीवर पाय देऊन वर चढते आणि खाली पडते.

आजींनी विचारले, "अन् डोकं आपटलं तर?"

आपटेल. बाळ रडेल, आपण उचलून घेऊ. झोपेत गजाला लागून बाळाला मोठी इजा सहसा होत नाही. रडणाऱ्या बाळाला उगी करता येते. कोंडलेला श्वास मात्र परत आणता येत नाही.

अशा गाद्या आपल्याकडेही दुकानांत मिळतात. आपल्या घरी मोहरीची उशी असते, जाड गोधडी असते. धोका तोच. म्हणून एवढे ध्यानात ठेवा:

बाळाला दर वेळी उताणे निजवा. पालथे नको, कुशीवर नको.
अंथरूण सपाट आणि घट्ट असावे.
वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपेत उशी, गोधडी, कापडी बाहुली ठेवू नका.
थंडी असेल, तर अंगात उबदार कपडे घाला. तोंडावर पांघरूण नको.
बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर निजवा.
बाळाजवळ विडी ओढू नका.
आईने अंगावर पाजावे. त्यानेही हा धोका कमी होतो.

आजी गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गादी उसवली. कापूस काढला आणि लुगड्याची दोन दुपटी शिवली. मग आम्हाला एक कागद दाखवला. सुनेला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले होते. अक्षर वाकडेतिकडे, पण स्वच्छ. "गादी उसवली. दुपटी धाडते. बाळ जागं असताना मांडीवर घ्यायला वापर. निजवताना उताणं निजव. काही जवळ ठेवू नको."

मंडळी, बाळावर माया सगळेच करतात. तिला माहितीची जोड द्या. घरात तान्हे बाळ असेल, तर आज रात्री त्याचे अंथरूण एकदा नीट पाहा.