‘चंद्रलेखे’चा नकार

(नभोवाणीवरील भाषण)



आज मी आपणांशी एका जुन्या तामिळ चित्रपटाविषयी बोलणार आहे. शाळेतल्या बाईने व्याकरण आणि निबंध सोडून सिनेमाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटेल. मलाही पूर्वी वाटले असते. परंतु गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक प्रसंग घडला आणि त्यामुळे हा चित्रपट मला मुद्दाम पाहावासा वाटला. तो प्रसंग आधी सांगते.

नववीतली एक मुलगी एकाएकी शाळेत येईनाशी झाली. आठ दिवस झाले, दहा झाले, तेव्हा मी तिच्या घरी गेले. आईने दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात सांगितले, “बाई, आता तिला मामाच्या गावी धाडतो. शिक्षण झाले तेवढे पुरे.” खोदून विचारल्यावर कारण कळले. वर्गातलाच एक मुलगा दोन महिने रोज शाळा सुटल्यावर तिच्या मागोमाग बसथांब्यापर्यंत चालत येत होता. “माझ्या मागे येऊ नकोस” असे तिने त्याला दोनदा स्पष्ट सांगितले होते.

मुलगा वाईट चालीचा नव्हता. त्याला मी एकट्याला बोलावून विचारले, तेव्हा तो खरोखरच गोंधळला. म्हणाला, “बाई, पहिल्यांदा सगळ्याजणी नाहीच म्हणतात. शेवटी हो म्हणतात.” हे तुला कोणी शिकविले, असे विचारताच त्याने दूरचित्रवाणीवर दिवसभर लागणाऱ्या, हिंदी आवाज दिलेल्या चार-पाच दाक्षिणात्य चित्रपटांची नावे घेतली. त्यांत प्रेम असते, मारामारी असते, आणि नायक ज्या निष्ठेने गुंडांच्या मागे लागतो त्याच निष्ठेने नायिकेच्याही मागे लागतो.

त्या रात्री मला माझ्या आजीची आठवण झाली. तिला सिनेमाचा फारसा नाद नव्हता. पण तरुणपणी पाहिलेल्या एका चित्रपटाची गोष्ट ती आम्हां नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगे. नायकाचे नाव तिला आठवत नसे. नगारे मात्र आठवत. “घराएवढाले नगारे, त्यांवर नाचणाऱ्या पोरी, आणि नगाऱ्यांच्या पोटात शिपाई!” असे म्हणून ती हात पसरून दाखवी. तो चित्रपट म्हणजे ‘चंद्रलेखा’.

मद्रासच्या जेमिनी स्टुडिओचे मालक एस. एस. वासन यांनी तो काढला. चित्रपट तयार व्हायला काही वर्षे लागली, त्या काळच्या मानाने अफाट पैसा खर्च झाला, आणि दिग्दर्शनाचे कामही पुढे वासन यांनी स्वतःकडे घेतले. ९ एप्रिल १९४८ रोजी तामिळ ‘चंद्रलेखा’ पडद्यावर आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याची हिंदी आवृत्ती निघाली. मद्रासेत तयार झालेला चित्रपट साऱ्या हिंदुस्थानात गर्दी खेचू शकतो, हे त्या हिंदी आवृत्तीने सिद्ध केले. माझ्या आजीपर्यंत ते नगारे पोहोचले ते या वाटेने.

कथा राजाराणीची आहे. एका राजाला दोन पुत्र. थोरला वीरसिंहन, धाकटा शशांकन. थोरल्याची भूमिका एम. के. राधा यांनी केली. नावावरून कोणास स्त्री वाटेल, पण हे पुरुष नट होते. धाकट्याच्या भूमिकेत तलवारबाजीत निपुण असलेले रंजन. वीरसिंहन एका खेड्यातून जात असता त्याची चंद्रलेखा नावाच्या नर्तकीशी भेट होते आणि दोघांचे मन परस्परांवर जडते. चंद्रलेखेचे काम टी. आर. राजकुमारी यांचे. राजा गादी थोरल्याला द्यायचे ठरवतो. धाकटा चिडून लुटारूंची टोळी उभारतो. त्या धामधुमीत चंद्रलेखेचा बाप मरतो आणि ती शशांकनच्या हाती सापडते.

येथून जे घडते ते श्रोत्यांनी नीट ध्यानात घ्यावे. शशांकन तिला नाचायला सांगतो. ती नकार देते. चाबकाचे फटके बसल्यावर नाइलाजाने नाचते आणि संधी साधून निसटते. पुढे शशांकन भावाला पकडून एका गुहेत कोंडतो आणि तोंडाशी प्रचंड शिळा लावतो. नायकाची ही सुटका कोण करते? चंद्रलेखा! वाटेने चाललेल्या सर्कशीच्या हत्तींकडून ती ती शिळा ओढून काढवते. मग दोघेही त्या सर्कशीत दडून राहतात.

सर्कस हा शब्द आला म्हणून आपल्या मुलखातली एक गोष्ट सांगते. हिंदी सर्कशीचे आद्य प्रवर्तक विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडकर संस्थानिकांच्या पदरी घोड्यांची व्यवस्था पाहत. २० मार्च १८८० रोजी त्यांनी आपला खेळ केला. पुढे केरळातल्या तेल्लीचेरीने या विद्येला कसलेले कसरतपटू पुरविले. कृष्णाकाठी रुजलेले हे रोप दक्षिणेत असे फोफावले होते. म्हणूनच मद्रासच्या चित्रपटात सर्कस इतक्या सहजपणे येऊन बसली. झुल्यावर खेळणारी बाई आपल्या अंगमेहनतीची भाकर खाते. चंद्रलेखेला मैत्रीण मिळते ती याच तंबूत, आणि शेवटी ती मैत्रीणच उपयोगी पडते.

कारण शशांकन आईबापांना कैदेत टाकून स्वतः राजा होतो आणि चंद्रलेखेला पकडून राजवाड्यात आणवतो. तो लग्नाची गोष्ट काढू लागला की ती मूर्च्छा आल्याचे सोंग करी. पुन्हा जवळ आला, पुन्हा मूर्च्छा. तेव्हा सर्कशीतली मैत्रीण वैदूबाईच्या वेषात येते. दार लावून दोघी खलबत करतात, आणि ‘रोग’ बरा झालेली चंद्रलेखा लग्नाला रुकार देते. अट एकच, लग्नाच्या दिवशी नगाऱ्यांवरचे नृत्य व्हावे. शशांकन आनंदाने मान्य करतो. वाड्यासमोर नगाऱ्यांच्या रांगा लागतात, नर्तकी त्यांवर चढतात, नृत्य रंगते. ते संपते न संपते तोच नगारे फुटून आतून वीरसिंहनचे शिपाई बाहेर पडतात. मग दोघा भावांचे ते प्रसिद्ध, लांबलचक खड्गयुद्ध होते आणि शशांकन कैद होतो.

श्रोतेहो, आता माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य आठवा. “पहिल्यांदा नाहीच म्हणतात, शेवटी हो म्हणतात.” ‘चंद्रलेखे’तही एक मनुष्य असाच विचार करतो. ‘नाही’ ऐकूनही तो मागे लागतो, माणसे पाठवून शोध घेतो, आणि तिने ‘हो’ म्हणताच आपण जिंकलो असे समजतो. पण तो मनुष्य नायक नाही, खलनायक आहे! तिच्या ‘हो’वर तो विश्वास ठेवतो, कारण नकार खरा असू शकतो ही कल्पनाच त्याच्या डोक्याला शिवत नाही. त्याचा घात त्याच्या या समजुतीने होतो. शिपाई नंतर येतात. उलट वीरसिंहनला तिच्या मागे धावावे लागत नाही, कारण तिचे मन तिने आपण होऊन दिलेले असते.

हा चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. चाबकाचा प्रसंग आजच्या प्रेक्षकाला खुपतो. अखेरचे युद्ध पुरुषांचे आहे आणि नायिकेची बुद्धी राणीपदापाशी येऊन थांबते. शिवाय पाठलागाला प्रेम म्हणण्याची खोड काही एकट्या दक्षिणेची नव्हे. हिंदीत ती भरपूर आहे आणि मराठीनेही फार शुद्धपणाचा आव आणू नये. माझे म्हणणे इतकेच की, प्रेम आणि पराक्रम एकत्र गुंफताना मुलीच्या नकाराला किंमत द्यावीच लागते, हे दाक्षिणात्य चित्रपटाने १९४८ सालीच दाखवून दिले होते. गोष्ट त्यामुळे निरस झाली नाही. लोकांनी झुंबड करून ती पाहिली.

कायद्याला हे उमगायला अधिक काळ लागला. स्त्रीने नापसंती स्पष्ट दर्शविल्यावरही तिच्या मागे लागणे हा स्वतंत्र गुन्हा २०१३ साली दंडसंहितेत आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात तो कायम आहे. परंतु नववीतल्या मुलाला कलम सांगून भागत नाही. त्याला गोष्ट सांगावी लागते.

म्हणून मी वर्गात कोणाचेही नाव न घेता ‘चंद्रलेखे’ची गोष्ट सांगितली आणि शेवटी विचारले, “शशांकनचे चुकले कुठे?” कोणी म्हणाले गादीच्या लोभात, कोणी म्हणाले नगारे तपासले नाहीत यात. मागच्या बाकावरून तो मुलगा उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, “ती नाही म्हणाली होती, बाई.” एवढे बोलून तो बसला. एका गोष्टीने तो बदलला असा दावा मी करणार नाही. त्याच्या वडिलांशी आणि मुख्याध्यापकांशीही आम्हांला बोलावे लागले. मात्र दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या रस्त्याने घरी जाऊ लागला. मुलीच्या आईकडे मी आणखी तीन खेपा घातल्या. दिवाळीच्या सुटीनंतर मुलगी वर्गात आली. मामाचे गाव राहिले.

आपल्या घरी मुले असे चित्रपट पाहत असतील तर त्यांना उठवून लावू नका. शेजारी बसा. नायिका ‘नाही’ म्हणेल तेव्हा त्यांना विचारा, “आता याने काय करावे?” उत्तर ऐकायला थोडा वेळ द्या.